फरशीखालची वाळू

मंगळवार, ४ मार्च

निवृत्त झाल्यावर रोजनिशी लिहायची नाही असं ठरवलं होतं. चौतीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढली, रोज संध्याकाळी तपासणीची नोंद लिहिली, तेवढं लिखाण या जन्माला पुरे. पण आज बायकोनं मला न विचारता घरात गवंडी आणला, तेव्हा नोंद ठेवलेली बरी.

कारण म्हणे, पुढच्या बाथरूमच्या फरशीला वास येतो. घर माझ्या वडिलांनी बांधलेलं, जुनं. बाथरूम दोन. एक पुढचं, झोपायच्या खोलीला लागून. ते मी वापरतो. दुसरं मागचं, स्वयंपाकघराच्या पलीकडे. ते माझी बायको वापरते. आधी दोघंही पुढचंच वापरायचो. मध्येच कधीतरी हिला मागचं आवडायला लागलं. तिथे उजेड जास्त आहे म्हणते. असेल.

मला स्वतःला वास येत नाही. मागे तो लांबलेला ताप आला होता, त्यानंतर माझं नाक जरा मंद झालंय हे मी मान्य करतो. पण म्हणून काय माणसाला स्वतःच्या घरातला वास कळणार नाही? ही मात्र रोज उठून फिनेल ओतते, खायचा सोडा पसरते, वर लिंबू पिळते, व्हिनेगर शिंपडते, गुडघे टेकून ब्रशनं घासते. दुपारपर्यंत बरं असतं म्हणे. संध्याकाळी वास पुन्हा हजर.

गवंडी पन्नाशीचा असावा. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. डोक्यावरचे केस सगळे शाबूत. आल्या आल्या त्यानं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चक्क फरशीवर ओणवा झाला. नाक जमिनीपासून चार बोटांवर. तसाच दारापासून कमोडपर्यंत सरकत गेला, मध्येच थांबून डोळे मिटायचा. परक्याच्या बाथरूममध्ये कोणी इतकं रमू नये.

ही दारात उभी. मी हिच्या मागे, टाचा उंचावून.

"वहिनी," तो उठून म्हणाला, "वास फरशीचा नाही. फरशीच्या खालचा आहे. वरून कितीही घासा, आत मुरलेलं निघायचं नाही."

"किती बरोबर ओळखलंत हो!" ही म्हणाली.

अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी माझ्यासाठी ऐकल्याचं आठवत नाही. आणि वहिनी कोण? हा माझा भाऊ कधी झाला?

बुधवार, ५ मार्च

गवंडी दहाला आला. आज त्यानं कोपऱ्यातली जाळी उचकटून काढली, खालून केसांचा आणि साबणाचा एक गोळा ओढून बाहेर काढला आणि तो मला दाखवायला आणला. मी नको म्हणालो. जाळीखालच्या वाकड्या पाइपात नेहमी पाणी साचलेलं असावं लागतं, नाहीतर गटाराची हवा वर येते, असं त्यानं हिला समजावून सांगितलं. ही शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावत होती. हीच गोष्ट मी हिला घर रंगवताना सांगितली होती. तेव्हा दूध उतू जातंय म्हणून निघून गेली होती.

मग त्यानं हिच्याकडे बघून जरा हळू आवाजात म्हटलं, "पण गटाराचा वास वेगळा असतो, वहिनी. हा तो नाही."

हिनं खाली बघितलं. का बघितलं?

पावणेअकरा ते अकरा दहा चहा. पाहुण्यांचे कप निघाले, निळ्या फुलांचे. मी खोलीत पेपर धरून बसलो होतो. पंचवीस मिनिटांत ही तीन वेळा हसली, त्यातल्या एकदा तर चांगली खळखळून. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो. मी आत गेलो आणि दोघं गप्प.

मी पाणी प्यालो. तहान नव्हती.

शुक्रवार, ७ मार्च

आज त्याची परीक्षा घेतली. तो म्हणत होता, फरशीचा ढाळ जाळीकडे नीट आहे, पाणी कुठे साचत नाही. मी कपाटातून माझी स्वतःची पाणसळ काढली. खात्यातून निवृत्त होताना मी फक्त दोन वस्तू विकत घेतल्या, त्यातली एक. त्याच्या देखत फरशीच्या चारी कोपऱ्यांत ठेवून बघितली.

ढाळ बरोबर होता. कमोडच्या डाव्या अंगाला मात्र दोन फरश्या किंचित खचलेल्या. ते मी त्याला दाखवलं.

"हो साहेब," तो म्हणाला, "तिथेच मुरतंय."

म्हणजे त्याला आधीच माहीत होतं. मग बोलला का नाही? माझं समाधान होऊ द्यावं म्हणून? असल्या माणसांची मला मनस्वी चीड आहे. चांगुलपणा दाखवायचा आणि वर आव आणायचा नाही.

शनिवार, ८ मार्च

मुलीचा फोन आला. अठ्ठावीस तारखेला जावयासह येतेय, आठ दिवस राहणार. गेल्या खेपेला ती दोघं हॉटेलात उतरली होती. जावयाला मऊ गादी लागते, असं कारण सांगितलं होतं. तेव्हापासून मी नवी गादी आणून ठेवली आहे.

ही फोनवर खालच्या आवाजात म्हणाली, "तोवर होईल गं सगळं. माणूस चांगला मिळालाय."

माणूस चांगला मिळालाय! माझ्याबद्दल हिनं असं कुणाला सांगितलं असेल तर त्याची कुठे नोंद नाही.

आज दाढी दोनदा केली. हिच्या लक्षात आलं नाही.

सोमवार, १० मार्च

आज महत्त्वाचं घडलं.

गवंड्यानं छिन्नी लावून कमोडच्या डावीकडच्या त्या दोन फरश्या उचलल्या. खाली वाळू. बाकी सगळीकडे पिवळसर, कोरडी. तिथे मात्र काळी आणि ओली, घट्ट झालेली. हिनं पदराचं टोक नाकाला लावलं आणि खिडकीकडे गेली. गवंड्यानंही तोंड फिरवलं. मी चांगला वाकून बघितलं. मला ती नुसती वाळू वाटली.

"साहेब," गवंडी हात पुसत म्हणाला, "हे बाथरूम कोण वापरतं?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मी. मीच वापरते."

गवंड्यानं हिच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. मग पुन्हा हिच्याकडे. "बरं, वहिनी," म्हणाला आणि वाळू टोपलीत भरायला लागला.

ही खोटं बोलली. माझ्या समोर, माझ्या घरात, धडधडीत. हे बाथरूम मी वापरतो. माझा दाढीचा ब्रश समोर खुंटीला लटकत होता.

संध्याकाळी विचारलं, "असं का सांगितलंस?"

"उगीच काहीतरी बोलून गेले हो," ही म्हणाली. "तुम्ही कसला कीस पाडताय?"

मंगळवार, ११ मार्च

रात्रभर त्या "मीच वापरते" वर विचार केला. नवरा-बायकोच्या खोलीला लागून असलेलं बाथरूम, ते माझं आहे असं बाईनं परक्या पुरुषाला का सांगावं? एकच कारण दिसतं. तो जे करील ते आपल्यासाठी करतोय असं त्याला वाटावं. म्हणजे तो अधिक जीव लावून करील. आणि लावतोच आहे. आज त्यानं स्वतःच्या मनानं हिला चार रंगांच्या फरशीचे तुकडे आणून दाखवले. ही दोन तुकडे उजेडात धरून बघत होती आणि तो हिच्याकडे बघत होता. फरशीकडे नाही. हिच्याकडे.

हिचं वय एकसष्ट. तरी बघत होता.

मग नवीनच टूम निघाली. बाथरूममध्ये बारका दिवा हवा, रात्रभर चालू राहणारा. शिवाय कमोडशेजारी भिंतीला धरायला दांडी. "मला रात्री अंधारात भीती वाटते," ही गवंड्याला सांगत होती. ही रात्री एकदाही उठत नाही! अंग टाकलं की सकाळ. उठतो मी, चार-पाच वेळा, या वयात सगळेच उठतात. आणि एकदाही दिवा लावत नाही. हिची झोप मोडू नये म्हणून नाही लावत, आणि गरजही पडत नाही. याच घरात जन्मलोय मी. अंधारात आठ पावलं, उजवीकडे वळायचं, उभं राहायचं. ज्या माणसानं आयुष्यभर तराजूचा काटा केसभर हलला तरी पकडला, त्याचा नेम चुकत नाही.

दिवा आणि दांडी दोन्हीला मी नाही म्हणून सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या पाहण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गुरुवार, १३ मार्च

ठरलं. गवंडी म्हणतो, वाळू काढून आठ दिवस खड्डा उघडा ठेवायचा, वारा लागू द्यायचा, सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुवायचा, मग नवी वाळू, नवी फरशी, आणि सांधे पाणी न मुरेल अशा मसाल्यानं भरायचे. म्हणजे अजून दहा-बारा दिवस हा माणूस या घरात चहा पिणार.

मी एका सकाळीत प्रश्न निकालात काढतो. बाजारातून ॲसिडची बाटली आणली आणि ब्लीचिंग पावडरची पिशवी. दोन्ही जालीम. एकानं निघत नाही ते दोघांनी निघेल. उद्या ही भाजीला गेली की करतो. गवंडी दहाला येईल तेव्हा काम झालेलं असेल आणि मी त्याला दारातूनच नमस्कार करीन.

रविवार, १६ मार्च

तीन दिवसांनी लिहितोय. छातीत अजून दुखतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी खिडकी लावली, दार लावलं, औषध बाहेर जायला नको म्हणून. खड्ड्यात आणि उरलेल्या फरशीवर आधी ॲसिड ओतलं. ते छान फसफसलं. मग वरून ब्लीचिंग पावडर टाकली. हिरवट धूर निघाला. एरवी वास न येणाऱ्या माझ्या नाकात जणू कुणी तापलेली सळई घातली. श्वास आत जाईना. दाराची कडी हाताला लागेना. आठ पावलांचं माझं घर, आणि मला दार सापडत नव्हतं.

गवंडी लवकर आला होता. त्यानं खांदा मारून दार उघडलं, मला काखेत धरून अंगणात ओढत नेलं, परत आत जाऊन तोंडाला ओलं फडकं लावून खिडकी उघडली. मी जमिनीवर पडून खोकत होतो. तेवढ्यात ही भाजीची पिशवी घेऊन आली. पिशवी टाकली. आणि पहिल्यांदा हिनं कुणाला धरलं? गवंड्याचा दंड. दोन्ही हातांनी. "काय झालं, काय झालं त्यांना?" म्हणत त्याला गदागदा हलवत होती.

दवाखान्यात चार तास नाकाला नळी लावून ठेवलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं विचारलं, ही दोन औषधं एकत्र करायची कल्पना कुणाची? मी डोळे मिटून घेतले.

गवंडी चार तास बाहेर बाकावर बसून होता. हिला चहा आणून दिला. मला हे काचेतून दिसत होतं.

सोमवार, १७ मार्च

ॲसिडनं उरलेल्या फरशीचे सांधे खाल्ले. आता सगळीच फरशी काढावी लागणार. म्हणजे मी त्याचे आणखी आठ चहा वाढवून ठेवले.

"होतं असं, साहेब," तो म्हणाला. मला त्याच्या तोंडून "होतं असं" ऐकायचं नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १९ मार्च

आता लिहायला हात चालत नाही, पण लिहितो.

सकाळी मी पडवीत खुर्चीवर पडलो होतो. डोळा लागलाय असं वाटून दोघं बाथरूमच्या दाराशी बोलत होती. शब्द न् शब्द ऐकला.

ही म्हणाली, "त्यांना काही कळता कामा नये हं."

तो म्हणाला, "माझ्याकडून नाही कळणार, वहिनी. तुम्ही निश्चिंत राहा."

"तुम्ही भेटलात म्हणून. नाहीतर हे मी कुणाला सांगणार होते?"

हे. हे म्हणजे काय ते मला लिहवत नाही.

दुपारी जेवलो नाही. ही दोनदा विचारून गेली, पोट बिघडलंय का. पोटात दुखतंय हे खरं. पण त्यावर चूर्ण नाही.

अडतीस वर्षं मी वाईट वागलो का? दारू नाही, जुगार नाही, हात कधी उगारला नाही. रागावलो तर गप्प बसतो, बस्स. कमी बोलतो, पण जे बोलतो ते मोजून. त्याला खळखळून हसवता येतं. मला नाही येत. माझं कधी कुणाला हसवण्याचं खातंच नव्हतं.

शनिवार, २२ मार्च

ही सकाळी डोळे तपासायला गेली. घरात मी आणि तो. मी बाथरूमच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो थापीनं नवी वाळू सारखी करत होता.

"मला काय कळता कामा नये?" मी विचारलं.

त्याची थापी थांबली.

"मी सगळं ऐकलंय," मी म्हणालो. आवाज कापत होता, पण कापू दिला. "बायको माझी आहे. जे असेल ते माझ्या तोंडावर सांग."

तो उठला. आधी त्याला कळेनाच. मग कळलं, तेव्हा त्यानं दोन्ही कानांना हात लावले. चेहऱ्यावरचा रंग उडाला. "अहो साहेब, काय बोलताय? मोठी बहीण ती माझी!"

"मग?"

"वहिनींना त्रास आहे," तो म्हणाला. "लघवीचा. धरवत नाही, कमोडपर्यंत पोचेस्तोवर सांडते. तेच खाली मुरलंय. फरश्या उचलल्या त्याच दिवशी मला सांगितलं त्यांनी. तुम्हाला सांगायची लाज वाटते, म्हणून कळू देऊ नका म्हणाल्या. आता मी शब्द मोडला. त्यांना सांगू नका."

इतकंच! एवढंच! मला हसू फुटलं. चार दिवसांचं ओझं धपकन खाली पडलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मग हिची दया आली. बिचारी. एवढा त्रास आणि मला सांगितला नाही. मी काय परका होतो? आजच डॉक्टरांकडे नेऊ, दिवा बसवू, दांडी बसवू...

आणि मग आठवलं, ही तर मागचं बाथरूम वापरते.

गवंडी पुन्हा खाली बसला होता. काम करत नव्हता. मी भिंतीकडे बघितलं. कमोडच्या डावीकडे भिंतीचा जुना गिलावा जागजागी फुगून पोपडे धरलेला होता. मी मोजपट्टी आणली. का आणली सांगता येत नाही, सवय म्हणून. जमिनीपासून सगळ्यात वरचा डाग दोन फूट एक इंच. कमोडची बैठक सव्वा फूट. बसणाऱ्या माणसाकडून बैठकीच्या वर, बाजूच्या भिंतीवर, दहा इंच उंच काही उडत नाही. कुठल्याही मापानं नाही. उभा राहणारा लागतो. अंधारात, जरा डावीकडे कलणारा.

मी मोजपट्टी गुंडाळली.

"ती नाही," मी म्हणालो. "मी आहे."

गवंड्यानं वर बघितलं नाही. "माहीत आहे, साहेब."

"कधीपासून?"

"फरश्या उचलल्या त्याच दिवसापासून. भिंत बघितली की कळतं."

"मग तिला बोलला का नाहीस?"

"बाई स्वतःच्या अंगावर घेत होत्या," तो म्हणाला. "मी कशाला मध्ये पडू?"

तो पुन्हा वाळू सारखी करायला लागला. या पंधरवड्यात मी त्याचा पुष्कळ हेवा केला, केसांचा, हसवण्याचा, निळ्या कपांचा. पण त्या क्षणी जितका वाटला तितका कधी वाटला नाही. ही काय करतेय आणि का करतेय हे त्या माणसाला एका सकाळीत समजलं. समजून तो गप्प बसला. मला त्याच घरात राहून समजलं नव्हतं.

सोमवार, २४ मार्च

दोन दिवस हिच्याशी बोललो नाही. बोलायचं नाही म्हणून नव्हे. तोंड दाखवायची लाज वाटते. समोर आली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. ही ताट वाढते, मी खाली बघून जेवतो. रोज सकाळी ही गुडघ्यांवर बसून जे घासत होती ते माझं होतं. मुलगी हॉटेलात राहिली ती माझ्यामुळे. जावयालाही माहीत असणार. तो माझ्याशी किती अदबीनं बोलायचा!

आता दुकानं, बाजार, शेजार, कुणाकुणाला माझ्या कपड्यांचा वास येत असेल? माझं नाक मला काहीच सांगणार नाही.

आज दुपारी ही दारापर्यंत आली आणि परत गेली. पुन्हा आली. हातात काहीतरी होतं, ते उगीच टेबलावर ठेवलं. "तुमची लोकरीची टोपी सापडली," म्हणाली. माझी कुठलीही टोपी हरवली नव्हती. मी मान हलवली.

मंगळवार, २५ मार्च

आज फरशी बसली. गवंडी सांधे भरून गेला. दोन दिवस पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं. जाताना मला नमस्कार केला, हिला काही वेगळं बोलला नाही. त्यानं शनिवारचं हिला सांगितलेलं नाही, हे हिच्या चेहऱ्यावरून कळलं.

संध्याकाळी ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी दारात जाऊन म्हणालो, "मला कळलंय. फरशीत मुरलं ते माझं आहे."

हिचे हात थांबले. वळली नाही.

"आजपासून मी बसून करीन. दिवा लावीन. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, तूही चल." एवढं मी पाठ करून आलो होतो. पुढचं पाठ नव्हतं. "मला सांगितलं का नाहीस? गवंड्याला सांगितलंस, तेही स्वतःवर घेऊन. मला एका शब्दानं नाही."

ही वळली. डोळे लाल. मला वाटलं रडतेय. पण राग होता, चांगला रसरशीत राग, अडतीस वर्षांत मी असा बघितला नव्हता.

"तुम्हाला सांगायचं?" ही म्हणाली. "एकदा पाहुण्यांच्या देखत मी म्हटलं, अहो, तुमची बेरीज चुकली. सतरा दिवस बोलला नाहीत माझ्याशी. सतरा! मुलगी पाळण्यात होती. मी तिच्याशी बोलायचे, भांड्यांशी बोलायचे, भिंतींशी बोलायचे. बेरजेवर सतरा दिवस, तर यावर किती? या वयात आता दोघंच आहोत घरात. तुम्ही गप्प झालात तर मी कुणाशी बोलू? वास परवडला मला. तुमचा अबोला नाही परवडत."

मग थांबून म्हणाली, "आणि शनिवारपासून तेच चाललंय. मला वाटलं, सुरू झालं."

लाज वाटत होती, म्हणून गप्प होतो, असं सांगितलं. मग अजून काहीतरी बोलायलाच हवं होतं, थांबलो असतो तर परत तेच झालं असतं. म्हणून मनात जे वर होतं ते सांगून टाकलं. गवंड्याबद्दल मला काय वाटत होतं ते. वहिनी म्हणाला तिथपासून. हिच्या हसण्याची मी मोजदाद ठेवली तेही. दंड दोन्ही हातांनी धरला तेही. एका दिवशी दोनदा दाढी केली तेही.

ही ओट्याला टेकून ऐकत होती. पापणी लवत नव्हती.

"माझ्यावरून?" ही म्हणाली. "त्या गवंड्याशी? तुम्ही?"

"हो."

"एकसष्टाव्या वर्षी?"

"हो म्हटलं ना."

हिनं गॅस बंद केला. माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली, कोपरं टेबलावर टेकली आणि म्हणाली, "परत सांगा. पहिल्यापासून. काही गाळू नका."

मी सांगायला सुरुवात केली.